निनावी कबुलीजबाब : ‘एल सिकारिओ, रूम १६४’

१

कबुलीजबाब, पापनिवेदन आणि आत्मनिवेदन हे तीन शब्द मराठीत एकमेकांच्या जवळ वावरत असले तरी त्यांची घरे वेगवेगळी आहेत. कबुलीजबाब हा पोलीसठाण्याच्या आणि न्यायालयाच्या भाषेतला शब्द आहे. पापनिवेदन धर्मसंस्थेच्या भाषेतले आहे. आत्मनिवेदन मुळात नवविधा भक्तीतले. आधुनिक काळात मात्र ते आत्मचरित्राच्या चर्चेत स्थिरावले आहे. तिन्हींमध्ये बोलणारा ‘मी’च असतो. फरक पडतो तो ऐकणाऱ्यामुळे. पहिल्या प्रकारात ऐकणाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार असतो, दुसऱ्यात क्षमा झाल्याचे सांगण्याचा, तर तिसऱ्यात ऐकणाऱ्याकडे केवळ समजून घेण्याचे काम येते. ऐकणारा बदलला की तेच शब्द वेगळी कृती करू लागतात. म्हणूनच एखाद्या कबुलीचा विचार करताना ‘काय सांगितले’ या प्रश्नाइतकाच ‘कोणी, कोणापुढे आणि कोणत्या नावाने सांगितले’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

जानफ्रांको रोझी यांचा ‘एल सिकारिओ, रूम १६४’ (२०१०) हा माहितीपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. वाराणसीच्या गंगेवरील ‘बोटमन’ (१९९३) या माहितीपटापासून रोझी यांची कारकीर्द सुरू झाली. पुढे ‘साक्रो जीआरए’ला २०१३ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि ‘फुओकोअम्मारे’ला २०१६ मध्ये बर्लिनचे सुवर्ण अस्वल मिळाल्यावर त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. या दोन टप्प्यांच्या मध्ये येणारा ‘एल सिकारिओ’ त्या मानाने कमी चर्चिला गेला. अमेरिकन पत्रकार चार्ल्स बाउडन यांनी २००९ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात लिहिलेला लेख हा त्याचा आधार. मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळीसाठी दोन दशके माणसे पळवण्याचे, त्यांचा छळ करण्याचे आणि त्यांना ठार मारण्याचे काम केलेला एक माणूस या माहितीपटात आपली कहाणी सांगतो. शेकडो माणसे मारल्याचे तो सांगतो. याच काळात तो चिवावा राज्याच्या पोलीसदलात अधिकारीही होता. पुढे तो टोळीतून पळाला. त्याच्या डोक्यावर अडीच लाख डॉलरचे इनाम लावले गेले. कोणत्याही देशात त्याच्यावर एकही गुन्हा मात्र दाखल झालेला नव्हता.

या कथनात कबुलीजबाब, पापनिवेदन आणि आत्मनिवेदन हे तिन्ही प्रकार एकत्र आले आहेत. परंतु तिन्हींपैकी एकाचाही अधिकृत श्रोता तेथे हजर नाही. शिवाय बोलणाऱ्याला नाव नाही. या निनावीपणाची चर्चा बहुधा सुरक्षिततेच्या अंगाने होते. तो कथनाच्या रचनेत कोणते काम करतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

२

माहितीपटाची सामग्री अतिशय मोजकी आहे. अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवरील एका मोटेलमधली खोली, एक खुर्ची, एक वही, एक जाड लेखणी आणि डोक्यावरून काळे जाळीदार वस्त्र घेतलेला माणूस. सुमारे ऐंशी मिनिटांच्या या कृतीत प्रश्न विचारणाऱ्याला जागा दिलेली नाही. अधूनमधून येणारी बाहेरची दृश्ये सोडली तर सारे कथन एका दीर्घ स्वगताप्रमाणे वाहते. ही खोली सहज निवडलेली नाही. याच खोलीत त्याने पूर्वी पळवून आणलेल्या एका माणसाला डांबून त्याचा छळ केला होता. खोलीत हिंडून, स्नानगृहापर्यंत जाऊन, तो त्या प्रसंगातले हावभाव करून दाखवतो.

या खोलीबाहेरचे वास्तव प्रेक्षकाला ठाऊक आहे, असे माहितीपट गृहीत धरतो. सिउदाद ह्वारेस आणि एल पासो ही दोन शहरे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभी आहेत. अमली पदार्थ उत्तरेकडे जाण्याचा हा एक प्रमुख मार्ग होय. डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरवले आणि त्यानंतरच्या वर्षांत हिंसाचार कमी होण्याऐवजी भडकला. माहितीपट व्हेनिसला दाखवला गेला त्या २०१० या एकाच वर्षात एकट्या ह्वारेसमध्ये तीन हजारांहून अधिक खून झाले. माहितीपटात यांपैकी कोणतीही आकडेवारी येत नाही. तज्ज्ञांचे भाष्य नाही, वृत्तचित्रफिती नाहीत, मृतदेहांची छायाचित्रेही नाहीत. हिंसाचाराचे दृश्यरूप नाकारून केवळ त्याचे कथन स्वीकारण्याचा हा निर्णय धाडसी आहे. रक्त दाखवून प्रेक्षकाला बधिर करणाऱ्या चित्रणापेक्षा त्याचा परिणाम खोलवर होतो, हे मान्य करावे लागेल.

‘सिकारिओ’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘सिका’ म्हणजे खंजीर. पहिल्या शतकात रोमन सत्तेखालील ज्यू प्रदेशात अंगरख्याखाली खंजीर लपवून गर्दीत हत्या करणाऱ्यांना या शब्दाने ओळखले जाई. तेथे वस्त्राखाली शस्त्र होते. येथे वस्त्राखाली चेहरा आहे. दोन्ही ठिकाणी मारणाऱ्याचे लपणे वस्त्रावर अवलंबून आहे. रोझी यांच्या कृतीतला बुरखा त्यामुळे केवळ सोय म्हणून पाहता येत नाही. तो या व्यवसायाच्या इतिहासातूनच आलेला आहे.

३

फिलिप लेजून यांनी १९७५ मध्ये ‘आत्मचरित्रात्मक करारा’ची संकल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि कथनाचा नायक या तिघांची ओळख एकच आहे, अशी हमी आत्मचरित्र वाचकाला देते. ही हमी दिली जाते ती मुखपृष्ठावरील नावाने. नाव हे तेथे संहितेच्या आतल्या ‘मी’ला संहितेबाहेरच्या जबाबदार व्यक्तीशी जोडणारे चिन्ह असते. कथन खोटे निघाले तर कोणाला जाब विचारायचा, हे त्या नावामुळे ठरते.

‘एल सिकारिओ’मध्ये हा करार होऊच शकत नाही. येथे नाव नाही आणि चेहराही नाही. बाउडन आणि मॉली मॉलॉय यांनी याच माणसाचे कथन २०११ मध्ये पुस्तकरूपाने संपादित केले, तेव्हा त्याला ‘आत्मचरित्र’ असेच म्हटले गेले. मुखपृष्ठावर नावे आली ती मात्र संपादकांची. लेजून यांच्या व्याख्येत हे आत्मचरित्र बसणार नाही. तरीही प्रेक्षक या कथनावर विश्वास ठेवतो. नावाच्या जागी येथे कोणती हमी दिली गेली, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

या संदर्भात एक योगायोग मराठी वाचकाच्या सहज लक्षात येईल. भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ अन्वये दंडाधिकाऱ्यापुढे कबुलीजबाब नोंदवला जात असे. १ जुलै २०२४ पासून ती संहिता इतिहासजमा झाली आणि ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ मध्ये आली; ‘एकशे चौसष्टचा जबाब’ हा शब्दप्रयोग मात्र दीर्घकाळ रूढ होता. मोटेलच्या खोलीच्या क्रमांकाशी या कलमाचा काहीही संबंध नाही. पण त्यातील अटी बोलक्या आहेत. कबुली देण्याचे बंधन नाही आणि दिल्यास ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, हे दंडाधिकाऱ्याने आरोपीला आधी सांगायचे असते; आणि नोंदवलेल्या जबाबावर आरोपीची सही घ्यायची असते. कबुलीचे वजन या दोन गोष्टींतून येते : बोलल्याचे परिणाम भोगण्याची शक्यता आणि सही. खोली क्रमांक १६४ मधला कबुलीजबाब या दोन्हींपासून मुक्त आहे.

मिशेल फुको यांनी ‘लैंगिकतेचा इतिहास’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१९७६) दाखवल्याप्रमाणे, पाश्चात्त्य परंपरेत कबुली हा सत्य घडवण्याचा विधी आहे आणि त्या विधीत सत्ता बोलणाऱ्याकडे नसून मौन पाळून ऐकणाऱ्याकडे असते. रोझी यांच्या माहितीपटात मौन पाळणारा कॅमेरा आहे आणि त्याच्या पलीकडे प्रेक्षक. सत्तेची जागा प्रेक्षकाला मिळते. त्या जागेचे अधिकार मात्र मिळत नाहीत. तो शिक्षा देऊ शकत नाही, क्षमाही करू शकत नाही. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवून निवाडा करण्याची साधने काढून घेतलेल्या माणसासारखी त्याची अवस्था होते. माहितीपट पाहताना जाणवणारी विलक्षण अस्वस्थता हिंसेच्या तपशिलांतून येते तेवढीच या रिकाम्या अधिकारातूनही येते.

४

नावाच्या जागी येणारी हमी आहे ती हाताची. चेहरा झाकलेला असल्याने प्रेक्षकाची नजर त्याच्या उघड्या हातांवर खिळते. बोलता बोलता हे हात वहीत रेषा काढतात, वर्तुळे आखतात, बाण दाखवतात, अधिकाराची उतरंड मांडतात. पान भरले की उलटतात. ज्या हातांनी माणसे मारली तेच हात आता आकृत्या काढत आहेत, ही जाणीव शब्दांपेक्षा अधिक पुरावा देते. हस्ताक्षर हे सहीचेच एक रूप असल्याने, सही नसलेल्या या जबाबाला आकृत्यांनी एक प्रकारची सही मिळते.

परंतु आकृतीचा स्वभाव वेगळा असतो. आकृती व्यक्तीला स्थानात रूपांतरित करते. वहीच्या पानावर मेलेला माणूस एक खूण होतो. त्याला कोठून उचलले, कोठे ठेवले, कोणाच्या हवाली केले, हे बाणांनी दाखवता येते. तो कोण होता हे बाणांनी दाखवता येत नाही. कथनाचा सूर येथे कबुलीकडून पाठाकडे सरकतो. हुकूम कसा येतो, कोण कोणाला ओळखत नाही, काम स्वच्छपणे कसे पार पाडायचे, हे सांगताना तो पश्चात्तापदग्ध माणसापेक्षा शिकवणाऱ्या उस्तादासारखा बोलतो. कसबाचा अभिमान त्याच्या बोलण्यातून पूर्णपणे गेलेला नाही.

पॉल द मान यांनी ‘ॲलेगरीज ऑफ रीडिंग’ (१९७९) या ग्रंथात रूसोच्या ‘कन्फेशन्स’मधील फितीच्या चोरीचा प्रसंग विश्लेषिला आहे. तरुण रूसोने फीत चोरली आणि आळ मारियाँ नावाच्या मोलकरणीवर घेतला. पुढे हे कबूल करताना रूसोची कबुली हळूहळू सबबीत रूपांतरित होते आणि लाज उघड करण्यातही एक सुख असते, असे द मान दाखवतात. हे विवेचन येथे उपयुक्त आहे. पण त्यात एक महत्त्वाचा फरक पडतो. रूसोच्या कबुलीतल्या बळीला नाव आहे. मारियाँचे पुढे काय झाले असेल, ही विचारणा वाचकाला करता येते, आणि द मान यांच्या विश्लेषणालाही त्या नावाचा आधार आहे. सिकारिओच्या कथनात ‘तो माणूस’ एवढेच उरते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर वाक्यात कर्ता आहे, क्रियापद आहे. कर्माच्या जागी मात्र सर्वनामावरच भागवले आहे.

यावर एक सरळ उत्तर देता येईल, आणि ते गैरलागू नाही. मेलेल्यांची नावे सांगितली असती तर बोलणारा कोण हे टोळीला तात्काळ कळले असते. हे खरे आहे, आणि नेमके येथेच या कृतीचे मर्म आहे. मारणाऱ्याचा निनावीपणा टिकण्यासाठी मेलेल्यांचा निनावीपणा आवश्यक ठरतो. त्याच्या नावावर पडलेला पडदा त्यांच्या नावांवरही पडतो. पण दोन्हींचे स्वरूप एक नाही. त्याचे निनावीपण त्याने स्वीकारलेले आहे आणि त्याने त्याचा जीव वाचतो. त्यांचे निनावीपण लादलेले आहे. गुप्तपणे पुरलेल्या देहांच्या बाबतीत तर ते गुन्ह्याचाच भाग होते. ज्यांना त्याने मारले, त्यांनाच आता त्याचे संरक्षण करावे लागते.

५

हा पेच प्रत्येक माहितीपटापुढे अपरिहार्यपणे असाच उभा राहतो असे नाही. रिथी पान्ह यांच्या ‘एस-२१’ (२००३) या माहितीपटाशी केलेली तुलना येथे उद्बोधक ठरते. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या काळात (१९७५-७९) नोम पेन्हमधील एका शाळेचा तुरुंग करण्यात आला होता. पान्ह यांनी तेथील माजी पहारेकऱ्यांना त्याच इमारतीत आणले. पहारेकरी रिकाम्या कोठड्यांपुढे आपली जुनी कामे हावभावांसह करून दाखवतात. जागा तीच, देहाची आठवण तीच. खोली क्रमांक १६४ मधल्या प्रयोगाशी याचे साम्य उघड आहे. पण पान्ह यांच्या माहितीपटात वान नाथही उपस्थित आहेत. त्या तुरुंगातून वाचलेल्या मोजक्या कैद्यांपैकी ते एक, व्यवसायाने चित्रकार. ते पहारेकऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारतात. कैद्यांच्या नोंदी आणि छायाचित्रे उघडली जातात. तेथे रेखाटणारा हात वाचलेल्याचा आहे. रोझी यांच्याकडे तो मारणाऱ्याचा आहे. कबुलीची सामग्री सारखी असली तरी रेषेवरचा अधिकार कोणाचा, यावर तिचा नैतिक अर्थ बदलतो.

दुसरे उदाहरण जोशुआ ओपनहायमर यांच्या ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’चे (२०१२). इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये झालेल्या हत्याकांडातील मारेकरी तेथे आपल्या नावाने आणि चेहऱ्याने, काही वेळा तर बढाई मारत, आपल्या कृत्यांचे नाट्यरूप उभे करतात. निनावी आहेत ते माहितीपट बनवणारे स्थानिक सहकारी. श्रेयनामावलीत सहदिग्दर्शकासह अनेकांच्या जागी केवळ ‘निनावी’ असे लिहिलेले आहे. यावरून निनावीपण हे सत्तेच्या वाटपाचे माप असल्याचे दिसते. जेथे मारेकरी सत्तेच्या बाजूला आहेत तेथे त्यांना नाव लपवावे लागत नाही. ते पाहणाऱ्याला लपवावे लागते. ह्वारेसमध्ये मारेकरी आपल्या जुन्या धन्यांपासून लपतो. तो कायद्याला भीत नाही. त्या कायद्याच्या गणवेशातच त्याने आपले काम केले होते. बुरख्याचा हा राजकीय अर्थ रोझी यांनी भाष्याविना पोहोचवला आहे, आणि ती या माहितीपटाची सर्वांत मोठी कमाई आहे.

६

कथनाचा शेवट धर्मांतराने होतो. दारू आणि अमली पदार्थ सुटणे, टोळीपासून पळणे आणि अखेर ख्रिस्ताच्या चरणी शरण जाणे, असा हा प्रवास आहे. त्या क्षणाचे वर्णन करताना तो गुडघे टेकतो, रडतो. इतका वेळ शिकवणाऱ्याच्या सुरात बोलणारा आवाज फुटतो. हे अश्रू खरे की खोटे, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने गौण आहे. ते कथनात काय करतात, हे पाहायला हवे.

जे. एम. कुट्सी यांनी १९८५ च्या आपल्या एका निबंधात टॉल्स्टॉय, रूसो आणि दस्तयेवस्की यांच्या आधारे असे दाखवले की, ऐहिक कबुलीला स्वतःहून शेवट नसतो. प्रत्येक कबुलीमागे तिच्या हेतूविषयी नवा संशय उभा राहतो आणि आत्मपरीक्षणाची साखळी संपत नाही; तिला थांबवू शकते ती केवळ बाहेरून येणारी कृपा. रोझी यांच्या माहितीपटात ही कृपा नेमकी हेच काम करते. ती संशयाची साखळी तोडते, ‘पूर्वीचा मी’ आणि ‘आताचा मी’ यांच्यात भिंत उभी करते आणि कथनाला समाप्ती देते. अडचण अशी की ही समाप्ती एकट्या त्याच्यापुरती आहे. क्षमा मागितली जाते ती ईश्वराकडे. ज्यांच्याकडे ती मागायला हवी, ते या खोलीत सर्वनामांच्या रूपातच आहेत. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याच्या आप्तांकडून क्षमा तरी कशी मागणार?

खोलीबाहेर मात्र नावांचा प्रश्न धसास लागत होता. ह्वारेसमधील एका कापसाच्या शेतात नोव्हेंबर २००१ मध्ये आठ स्त्रियांचे मृतदेह सापडले. तेथे गुलाबी क्रूस उभारून त्यांवर नावे लिहिली गेली. त्यांतील तिघींच्या प्रकरणी आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये मेक्सिको सरकारला दोषी धरले आणि त्यांचे स्मारक उभारण्याचाही आदेश दिला. ही प्रकरणे सिकारिओच्या व्यवसायापेक्षा वेगळी होती, हे खरे. पण त्याच शहरात नाव लिहिणे ही प्रतिकाराची कृती झाली होती, हे त्यांवरून कळते. पुढे मे २०२२ मध्ये मेक्सिकोच्या अधिकृत नोंदवहीतील बेपत्ता व्यक्तींची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. या नोंदवहीतील प्रत्येक नावामागे एक शोधणारे घर आहे, आणि कोठेतरी ते नाव ज्याच्या ओठांवर आहे असा एखादा गप्प माणूसही असू शकतो.

या पार्श्वभूमीवर ‘एल सिकारिओ, रूम १६४’चे मूल्यमापन दुहेरी करावे लागते. राज्यसंस्था आणि गुन्हेगारी यांची सरमिसळ एका देहात, एका आवाजात दाखवण्याचे जे काम अनेक अहवालांना साधले नाही, ते या माहितीपटाने अत्यल्प साधनांत साधले. या अर्थाने तो साक्ष म्हणून मोलाचा आहे. कबुली म्हणून मात्र तो अपुरा राहतो, आणि हा अपुरेपणा सांगणाऱ्याच्या अप्रामाणिकपणातून आलेला नाही. तो रूपबंधातून आला आहे : एकच आवाज, एकच हात, प्रश्नकर्त्याला वगळलेले स्वगत आणि एकाच्याच उद्धाराने होणारा शेवट. साक्षीला ‘काय घडले’ एवढे पुरते. कबुलीला ‘कोणाचे’ हेही सांगावे लागते. माहितीपट संपतो तेव्हा वहीची बरीच पाने भरलेली असतात. त्यांत रस्ते आहेत, घरे आहेत, अधिकाराच्या पायऱ्या आहेत. ज्याच्यासाठी ही खोली निवडली गेली, त्या डांबून ठेवलेल्या माणसाचे नाव तेवढे त्यांत नाही.